वेबिल

कूलरचं जुनं स्टँड अंगणात आडवं पाडलं तेव्हा
कुंदा म्हणाली, होळीच्या आत उभं करा,
ताट्या बदलायच्या आहेत.
मी हो म्हटलं.
एकतीस वर्षं नागपूर–उमरेड रूटवर
सगळ्यांना हो म्हणत आलो,
सुट्टे देतो, उतरताना देतो.

अँगल दीड बाय दीड, एका पायाला गंज.
चाकं इतवारीत, लोहा ओळीत, वजनावर मिळाली,
तीन एका जातीची, चौथं अंमळ मोठं.
मशीन हिंगण्याच्या एका बंद पडलेल्या शेडमधलं,
उचलून ओट्यावर आणता आणता कंबर धरली.
म्हणून गाडी हवी.
गाडीसाठी वेल्डिंग यायला हवं,
वेल्डिंग येण्यासाठी मशीन रोज बाहेर काढायला हवं,
आणि कंबर तर धरलेलीच.

शेजारची प्रणिता वासनिक, आयटीआय, वेल्डर ट्रेड,
हल्ली बुटीबोरीला शिफ्टमध्ये,
कुंपणावर कोपरं टेकून पाहत होती.
काका, रॉड चिकटून राहिला ना तुमचा.
मले दिसते, मी म्हटलं.
दिसत नाही तुमाले, म्हनूनच चिकटते.
गाडी विसरा आधी. भंगारपट्टी घ्या,
नुसत्या रेघा मारा.

पहिली रेघ म्हणजे
सायकलवरून सांडत गेलेला चुना.
दुसरी अर्ध्यात विझली.
पातळ पाइपावर धरला तर आरपार भोक.
भोकाचं मला काय अप्रूप,
आयुष्यभर तिकिटांना तेच केलं,
पण ती भोकं हिशेबाची होती.

आवाज आयका, ती म्हणाली, हाताचं नंतर पाहू.
भजे तळल्यावानी आला तर बरोबर.
फटफट करते म्हणजे लांब धरला,
मुका झाला म्हणजे गेला चिकटून.

काळ्या काचेतून अंगण दिसत नाही, तुळस नाही,
फक्त वितळलेला एक थेंब,
आणि त्याला ढकलायचं नाही, मागेही राहायचं नाही.
भरल्या गाडीत, पाचगावच्या वळणावर,
दांडी न धरता चालायचो मी.
तो तोल पायांत राहिला होता.
मनगटात उतरायला त्याला तीन आठवडे लागले.

एक टाका काचेशिवाय मारला, एकच, घाईत.
रात्रभर डोळ्यांत वाळू.
कुंदानं पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवल्या,
बोलली काही नाही,
गरम झाल्या की बदलत राहिली.

जुन्या सवयीनं वहीत रकाने पाडले.
तेरा फेब्रुवारी. रॉड गेले अकरा. जमा काही नाही.
सोळा. गेले नऊ. जमा बोटभर, नीट.
बावीस. प्रणिता नाइटला. गेले चौदा. एकटाच.
दोन मार्च. एकूण दोनशे सहा. चौकट उभी.

उभी, पण गुण्यात नाही.
तीन चाकं टेकतात, एक हवेत,
कोणतं ते रोज बदलतं.
कीट झाडायची हातोडी दोनदा वाजली, टण टण,
की पाय अजून आपोआप फाकतात,
आता गाडी सुटणार.

खालचे सांधे पाहिले तर फेब्रुवारी दिसतो.
गाठी, फोड, दोनदा भरलेली भोकं.
वर येता येता रेघ निवांत होते
आणि हँडलजवळ, एकाच ठिकाणी,
शाळेला निघालेल्या पोरीच्या वेणीसारखी
पेडावर पेड पडत गेलेत.
ते कसे पडले, मला विचारू नका.

ग्राइंडर मारून देऊ का? सगळं सारखं दिसन.
नको म्हटलं.
प्रणितानं गाडी हलवून पाहिली, वाकून पाहिली.
तसंही, म्हणाली, वजन तर खालचेच उचलून राहिले.

होळीला आठ दिवस झाले.
कूलर विटांवर बसलाय, नव्या ताट्या लावून,
थोडा डावीकडे कललेला.
नवं स्टँड करतो तुला, मी म्हटलं,
याच्याहून चांगलं, सरळ.
कुंदानं पाण्याची बादली टाकीत रिकामी केली,
पदराला हात पुसले.
हो, म्हणाली, उतरताना द्या.